रीफ टँकसाठी परवडणाऱ्या टेस्ट किट्स, पाच हजारांत आधी काय घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत राहतो, घरी तीन फुटी रीफ टँक (प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, दगड आणि वाळू सोडून पाणी दीडशे लिटरच्या आसपास असेल. क्लाउनफिशची जोडी, काही टर्बो गोगलगायी, आणि कोरल (प्रवाळ) म्हणाल तर सगळे मऊच, झोआ, मशरूम, झेनिया आणि एक लेदर. दगडी प्रवाळ ठेवलेले नाहीत आणि ठेवायचेही नाहीत, ते सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे प्लीज त्या दिशेचे सल्ले नकोत.

प्रॉब्लेम असा आहे की गेल्या काही दिवसांपासून झेनिया आखडून बसलीय, झोआ अर्धवट उघडतात आणि दुपारनंतर मिटूनच जातात, मासे मात्र एकदम मजेत, खातायत पितायत. पाणी एका दुकानात नेऊन तपासून घेतलं तर अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद, हिलाच केएच म्हणतात आणि डीकेएचमध्ये मोजतात) ११ डीकेएच सांगितली, आणि तेच पाणी त्याच संध्याकाळी मित्राच्या किटने तपासलं तर ८.३. आता यातलं खरं कुठलं धरायचं? ११ असेल तर मी एक करणार, ८ असेल तर काहीच करायची गरज नाही. म्हणून ठरवलंय की दुसऱ्याच्या भरवशावर नको, स्वतःच्या किट्स घ्यायच्या, पण बजेट पाच हजारच आहे, त्याच्या वर घरात बोलणी बसतील आणि ती रास्तच असतील.

आतापर्यंत वाचून जे कळलंय ते सांगतो, चुकत असेन तर सांगा. एपीआय कंपनीची साधी सॉल्टवॉटर मास्टर किट आहे तिच्यात पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मिळतात, टँक नवीन असताना सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होणं) बघायला ती चांगली, पण माझी सायकल कधीच झालीय, मग अमोनिया नायट्राइटच्या बाटल्या नुसत्या पडून राहणार. त्यांचीच रीफ मास्टर किट आहे तिच्यात कॅल्शियम, केएच, फॉस्फेट, नायट्रेट. दिसायला हीच हवी असं वाटतं, पण तिच्या फॉस्फेटच्या कार्डावर शून्यानंतर पुढचा रंग थेट ०.२५ पीपीएमचा (दहा लाखांत इतके भाग) आहे, आणि रीफमध्ये आपल्याला बघायचं असतं ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान, म्हणजे आपल्या कामाचा सगळा भाग पहिल्या दोन रंगांच्या मधेच गेला. मग त्या बाटलीचे पैसे का द्यायचे?

सॅलिफर्टच्या किट्स सुट्या मिळतात, सिरिंजने थेंब टाकायचे असल्याने केएच बारीक वाचता येतो. हॅनाचा चेकर आकडाच दाखवतो, रंग ओळखायची भानगड नाही, पण फॉस्फेटचा एकच घेतला तरी बजेटचा मोठा घास जातो आणि वर दर टेस्टला रिएजंटचं पाकीट. खारटपणा मी सध्या प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरने बघतो, तो १.०२५ (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) दाखवतो.

माझा कल असा की सगळं एका खोक्यात घेण्यापेक्षा दोन-तीनच गोष्टी नीट मोजणाऱ्या घ्याव्यात. पण कुठल्या, आणि कुठल्या क्रमाने? वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदारांचे उत्तर मला माहीत आहे, ते सगळंच घ्या म्हणतात.

प्रतिसाद – खारंपाणी

भाऊ, सगळ्यात आधी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवतो), बाकी सगळं नंतर. त्या काट्याच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला की आकडा वर जातो, आणि खारटपणाच चुकला तर केएच, कॅल्शियम, सगळ्याचेच आकडे त्याच्याबरोबर हलतात. साधा घ्या, चालतो, फक्त नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका, शून्यावर बरोबर असणारा ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग क्षार) चुकू शकतो. कॅलिब्रेशनचं पाणी घरीच बनतं: ३६.५ ग्रॅम मीठ, घरातलं आयोडीनवालं चालेल, आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी, दोन्ही काट्यावर वजन करून, एकूण एक किलो. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत हे पाणी ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यासारखंच वागतं, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ किंवा १.०२६४ दिसायला हवं, नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा.

आणि आरओ म्हणताना घरचा प्युरिफायर असेल तर त्याला टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) लावून बघा. पिण्याच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्यामुळे ५०-८० टीडीएस येतो, आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की आणखी वर. टॉपअपला (उडून गेलेल्या पाण्याची भर घालायला) तेच पाणी जात असेल तर फॉस्फेट तिथूनच आत येत असेल.

प्रतिसाद – झोआप्रेमी_पुणे

११ की ८ याचा निकाल पाच रुपयांत लागतो दादा. खाण्याचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नाही, साधा सोडा. सोनाराच्या छोट्या काट्यावर २.५ ग्रॅम मोजा, एक लिटर आरओत विरघळवा. त्यातलं १०० मिली काढून त्याचं पुन्हा आरओने एक लिटर करा. या पाण्याची अल्कलिनिटी ८.३ डीकेएच यायला हवी. मित्राची किट त्याच्यावर लावा, ८ ते ८.६ मध्ये आली तर ती किट खरी. मी कुठलीही नवीन बाटली उघडली की आधी हे करते, नंतर टँकचं पाणी.

केएचसाठी तुमच्या टँकला महागडी किट नको. सॉफ्ट कोरलच आहेत, कॅल्शियम कार्बोनेट खाणारं फारसं कुणी नाही, त्यामुळे केएच एका आठवड्यात फार हलणार नाही. एपीआयच्या केएचमध्ये ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे १ डीकेएच, तुम्ही पाणी १० मिली घ्या, मग एक थेंब म्हणजे अर्धा. निळ्याचा पिवळा झाला की थेंब मोजून निम्मे करा, झालं. गोड्या पाण्याच्या जीएच-केएच किटमधली केएचची बाटलीही खाऱ्या पाण्यात चालते, जीएचची (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या एकूण कठीणतेची) चालत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पैसे सध्या अजिबात घालवू नका, वेळच्या वेळी वॉटर चेंज करत असाल तर मिठाच्या पाकिटातून जे येतं तेवढं यांना पुरतं.

नायट्रेटसाठी एपीआय घेतली तर दुसऱ्या क्रमांकाची बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, नुसती हलवल्यासारखी नाही, हात दुखेपर्यंत. तिच्यातला गाळ खाली बसतो आणि तो थेंबात आला नाही की नायट्रेट कमी दिसतं आणि आपण उगाच खूश होतो. १० आणि २० चा रंग वेगळा काढणं मात्र माझ्या डोळ्यांना जमत नाही. सॅलिफर्टची नायट्रेट परवडत असेल तर ती घ्या, बाटलीकडे बाजूने बघितलं तर आकडा दहाने भागायचा असतो, त्यामुळे कमी नायट्रेटही कळतं.

प्रतिसाद – धागाकर्ता

दोघांचेही आभार, ताई सोड्याची आयडिया भारीच आहे. मग फॉस्फेटचं काय करू? शेवाळ फार नाही, काचेवर हलकं हिरवं येतं, तीन-चार दिवसांनी पुसतो.

प्रतिसाद – झोआप्रेमी_पुणे

मग घाई नको. झोआ आणि झेनियाला थोडं घाण पाणी आवडतंच, उलट फॉस्फेट नायट्रेट दोन्ही शून्यावर आणून ठेवलं की डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या एकपेशीय जीवांचा चिकट तपकिरी थर येतो आणि तो घालवता घालवता नाकी नऊ येतात. पुढे घ्यायचाच झाला तर हॅनाचा अल्ट्रा लो रेंजचा घ्या, त्यांचाच साधा ७१३ नंबरचा नको, त्याची चूकच ०.०४ पर्यंत असू शकते, म्हणजे आपल्याला हवा तेवढाच आकडा. अल्ट्रा लो रेंजचा ७३६ फॉस्फरस पीपीबीत (अब्जात किती भाग) दाखवतो, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएम मिळतं.

प्रतिसाद – खारंपाणी

एक राहिलंच, कुठलीही किट घ्या पण तारीख बघून. एपीआयच्या बाटलीवर लॉट नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष. स्वस्तात मिळतंय म्हणून तीन-चार वर्षं जुनी बाटली घेऊ नका, आणि ऑनलाइन मागवणार असाल तर एप्रिल-मेमध्ये नको, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये भाजून निघते.

प्रतिसाद – धागाकर्ता

अपडेट देतो. सोड्याच्या पाण्यावर मित्राची किट ८.५ आली, म्हणजे तीच बरोबर, दुकानातला ११ सोडून दिला. रिफ्रॅक्टोमीटर क्रॉफर्ड मार्केटमधून आणला, मिठाच्या पाण्यावर लावला तेव्हा ३३ दाखवत होता, स्क्रूने ३५ वर आणला आणि मग टँकचं पाणी बघितलं तर १.०२९. हायड्रोमीटर तेव्हाही १.०२५ च म्हणत होता. झेनिया का आखडली याचं उत्तर बहुतेक हेच. आता रोज थोडं खारं पाणी काढून तितकंच आरओ घालतोय, दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरू देत नाहीये. प्युरिफायरचा टीडीएस ६२ आला, म्हणून टँकसाठी वेगळं डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) कॅनिस्टर मागवलंय. केएचला एपीआय, नायट्रेटला सॅलिफर्ट, दोन्हींचे लॉट नंबर आणि तारखांचे फोटो विक्रेत्याकडून आधी मागवून घेतले. फॉस्फेट पुढच्या दिवाळीला. झोआ आज दुपारीही उघडे होते, झेनिया अजून मिटलेलीच आहे, १.०२६ ला पोचलो की इथेच कळवतो.