मदत हवी आहे: डाळिंबाचा रस वाणनिहाय कसा तपासावा?

नमस्कार मंडळी. ‘भगवा’ आणि सोलापूरच्या केगाव इथल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा ‘सोलापूर लाल’, हे दोन्ही वाण खायला आणि रसाला कसे आहेत ते तपासतोय. झाडाच्या चारही बाजूंचं एकेक फळ, १०० दाण्यांचं वजन, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसात विरघळलेली साखर वगैरे), ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता. इथवर ठीक.

अडचण रसाची. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की रस तुरट होतो; दाण्यांत पांढरा पापुद्रा राहिला तर कडवटपणा येतो, आणि दोष वाणाच्या माथी जातो! मलमलीत हाताने पिळलं तर चव चोख, पण रसाचा उतारा माणसागणिक बदलतो. ठरावीक दाब देणारं छोटं यंत्र कोणी वापरलंय का? किती दाणे, किती वेळ?

शिवाय बी मऊ की कडक, हे नुसतं चावून ठरवणं मला पटत नाही. तुम्ही कसं मोजता?