चित्रपटावरून काढलेल्या कॉमिकला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

सोलापुरात आमच्या भागातल्या वाचनालयाच्या बालविभागाची नवी यादी आम्ही काही वाचक मिळून करतोय. कुणीतरी भेट दिलेल्या गठ्ठ्यात जुनी इंग्रजी कॉमिक्स निघाली : 'स्टार वॉर्स', 'एलियन', 'ब्लेड रनर', '२००१ : अ स्पेस ओडिसी'. ही सगळी चित्रपटांवरून केलेली आहेत. यादीत 'प्रकार' म्हणून एक रकाना आहे. तिथे काय लिहावं, 'रूपांतर', 'चित्रपटावर आधारित' की 'चित्रपटकथा'? शिवाय 'विज्ञानपट' हा शब्द चालेल का?

उत्तर

ताई, 'चित्रपटकथा' नक्की नको. त्याचा अर्थ चित्रपटाची गोष्ट असा होतो आणि पुष्कळ जण तो पटकथेसाठीही वापरतात. कॉमिकला 'चित्रकथा' हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'मुळे तो घरोघरी पोचला. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथीही याच घरातली. चित्रं एकामागून एक पुढे धरत गोष्ट सांगायची, हे तिथे कॉमिक यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. म्हणून 'चित्रकथा' ठेवाच.

खरी अडचण 'रूपांतर'ची आहे. मराठीत या शब्दावर नाटकाचा ठसा आहे. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला तेव्हा नावं, गाव, चालीरीती, सगळं इकडचं झालं. 'रूपांतरित नाटक' म्हटलं की आपण असंच काही धरून चालतो. तुमच्या गठ्ठ्यातली पात्रं मात्र त्याच नावांनी, त्याच ग्रहांवर वावरतात. बदललंय ते माध्यम. त्याला 'माध्यमांतर' म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ चोख.

'चित्रपटावर आधारित' ऐकायला बिनतोड वाटतं, पण 'स्टार वॉर्स'च्या बाबतीत ते पुरतं खरं नाही. रॉय थॉमस यांनी लिहिलेली आणि हॉवर्ड चेकिन यांनी चितारलेली मार्व्हलची ही मालिका १९७७ची. पहिल्या चित्रपटाची गोष्ट तिच्या सहा अंकांत आहे. चित्रपट अमेरिकेत २५ मे १९७७ला लागला आणि पहिला अंक त्याच्या कित्येक आठवडे आधीच विक्रीला आला होता! म्हणजे लेखक-चित्रकारांपुढे तयार चित्रपट नव्हताच, पटकथा आणि छायाचित्रं होती. त्यामुळे चित्रपटातून कापले गेलेले प्रसंग अंकात शाबूत राहिले. नायक ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांची टॅटूइन या ग्रहावरची भेट तिथे वाचायला मिळते. त्यातला जब्बा हा गुन्हेगारांचा म्होरक्या तर चक्क दोन पायांवर चालतो. पुढे १९८३च्या चित्रपटात आलेला तो अवाढव्य, सरपटणारा जब्बा तोवर कुणी ठरवलेलाच नव्हता. मला ही कॉमिक्स फार मोलाची वाटतात ती यासाठीच. चित्रपट घडत असताना तो कसा होऊ शकला असता, त्याची खूण त्यांत उरली आहे.

जॅक कर्बी यांची '२००१' अगदी उलट. चित्रपट १९६८चा, कॉमिक १९७६चं. चित्रपटात लांबच लांब शांतता आहे. कर्बींनी तिथे निवेदनाच्या पट्ट्या घातल्या, चित्रांत आपला दणकट जोर आणला. पुढे दहा अंकांची मालिका काढून गोष्ट स्वतःच्या वाटेने नेली. इथे नुसतं 'माध्यमांतर' मला अपुरं वाटतं. हा चित्रकाराने चित्रपटाचा लावलेला अर्थ आहे.

तेव्हा रकान्यात सरळ 'चित्रपटाची चित्रकथा' लिहा. आधी केली की नंतर, पटकथेवरून की पडदा पाहून, या कशालाच त्याने बाध येत नाही.

'विज्ञानपट' टाळावा. शाळेत दाखवतात तसा माहितीपट वाटतो. 'विज्ञानकथा' पुरे.

आणखी एक मत

मी पूर्व भागातला. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड. वरचं पटलं, पण आपल्या गावासाठी एक गोष्ट लक्षात घ्या. कन्नड चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'चित्रकथे' म्हणजे पटकथा. कन्नड घरातलं पोर 'चित्रकथा' वाचून पटकथेचं पुस्तक समजलं तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. तेलुगूत 'बोम्मा' म्हणजे चित्र, बाहुलीसुद्धा, आणि बोलण्यात चित्रपटालाही बोम्माच म्हणतात. 'बोम्मल कथलु' म्हणजे चित्रांच्या गोष्टी. मुलांना पटकन उमगेल असं हवं असेल तर रकान्यात 'चित्रकथा' आणि कपाटावरच्या पाटीला 'कॉमिक्स' असं करा. हा शब्द गावातल्या चारही भाषांत चालतो.

मूळ विचारणा करणारी

दोघांचेही आभार. पाटी 'कॉमिक्स', रकाना 'चित्रपटाची चित्रकथा', असं ठरवतोय. 'एलियन'च्या नोंदीत आर्ची गुडविन लेखक आणि वॉल्ट सायमनसन चित्रकार, वर्ष १९७९, असं दोघांनाही श्रेय देतेय. आधीच्या यादीत नुसता लेखक होता आणि चित्रकथेच्या बाबतीत तो चित्रकारावर अन्याय आहे. एक राहिलंच : 'एक कॉमिक्स' लिहायचं की 'एक कॉमिक'?

उत्तर

बोलताना आपण सगळेच 'एक कॉमिक्स वाचलं' म्हणतो आणि ते कानाला खटकत नाही. लेखी यादीत मात्र एकवचन 'कॉमिक', अनेकवचन 'कॉमिक्स', दोन्हीकडे नपुंसकलिंग : ते कॉमिक, ती कॉमिक्स. चित्रकाराचं नाव लिहिताय ते उत्तम. 'ब्लेड रनर'च्या १९८२च्या अंकाला अल विल्यमसन यांचं नाव जरूर घाला, त्या पावसाळी शहराच्या चौकटींत त्यांचा मोठा वाटा आहे. लेखक तिथेही गुडविनच.