शब्दचर्चा: राजनैतिक, मुत्सद्दी, वकील

विचारणा (लातूर): परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षणावर टिपण लिहायलोय. ‘डिप्लोमॅट’ला मराठीत नेमकं काय लिहावं? हिंदी पुस्तकातला ‘राजनैतिक’ तसाच उचलला तर चालंल का?

उत्तर (नांदेड): शब्द चालंल, अर्थ नाही, दादा. हिंदीत ‘राजनैतिक दल’ म्हणजे राजकीय पक्ष. मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे दूतावासांमार्फत चालणारे दोन देशांचे संबंध. उलट हिंदीतलं ‘राजकीय महाविद्यालय’ म्हणजे सरकारी कॉलेज! हुद्द्यासाठी ‘राजनैतिक अधिकारी’ लिहा. ‘मुत्सद्दी’ गुण सांगतो, पद नाही. नव्या भरतीच्या अधिकाऱ्याला तो शोभत नाही. ‘शिष्टाई’ म्हणजे एखाद्या प्रसंगी केलेली मध्यस्थी, कृष्णशिष्टाईसारखी.

उत्तर (वैजापूर): जुन्या कागदांत डिप्लोमॅटला ‘वकील’ म्हणत. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हे कोर्टातले वकील नव्हेत. पेशवाईची पत्रं वाचताना नवखा माणूस इथंच फसतो.

उत्तर (नांदेड): सगळ्यात मोठा घोळ ‘नोट व्हर्बाल’चा, म्हणजे दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला पाठवतो त्या औपचारिक टिपणाचा. शब्दाला शब्द ठेवून ‘तोंडी टिपण’ करतात, पण ते लेखीच असतं. सगळा मजकूर तृतीय पुरुषात: ‘दूतावास परराष्ट्र मंत्रालयास सादर अभिवादन करून कळवू इच्छितो की…’ खाली सही नाही, शिक्का आणि आद्याक्षरं. शिकाऊ अधिकारी तिसऱ्या परिच्छेदात ‘आम्हांस वाटते’ लिहून बसतो आणि दूतावासाचं म्हणणं एकदम कुणा माणसाचं होऊन जातं. म्हणून ‘नोट व्हर्बाल’ तसंच ठेवावं.

तसंच ‘आग्रेमाँ’ म्हणजे ‘पूर्वसंमती’. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या चौथ्या कलमानुसार राजदूत नेमण्याआधी यजमान देशाची संमती घ्यावी लागते. नकार दिला तर त्याला कारण सांगायचं बंधन नाही. ‘अधिकारपत्र’, म्हणजे राजदूताला त्याच्या देशानं दिलेलं नेमणुकीचं पत्र, सादर होतं ते राजदूत तिथं पोचल्यावर. या दोन्हींना सरसकट ‘मान्यता’ लिहू नका.

विचारणा (लातूर): आणि प्रशिक्षणाचे टप्पे, सर?

उत्तर (नांदेड): आधी मसुरीला पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था (1986 ची, हे नाव 2020 पासून). पुढं नेमून दिलेली परकीय भाषा शिकायला परदेशातल्या भारतीय दूतावासात तृतीय सचिव म्हणून नेमणूक. भाषेची परीक्षा पास व्हावीच लागते. इथं ‘सचिव’ शब्द जपून वापरा. आपल्याकडं सचिव म्हटलं की मंत्रालयातला बडा साहेब डोळ्यापुढं येतो. तृतीय सचिव मात्र परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्याची दूतावासातली पहिलीच पायरी. ‘दूतावासातील तृतीय सचिव’ असं पूर्ण लिहा.