भयपट शिकणाऱ्या पोट्ट्यांना हिचकॉकची १९७२ ची मुलाखत दाखवावी का?

धरमपेठकर
आमच्याकडची कॉलेजची काही पोट्टी भुताची शॉर्टफिल्म करताहेत. त्यांना मी डिक कॅव्हेटच्या अमेरिकन टीव्ही शोमधली दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची मुलाखत बघायला सांगितली, त्याचा 'फ्रेन्झी' सिनेमा आला त्या वर्षीची. चेहऱ्यावरची रेष न हलवता हा माणूस घाबरवण्याची कला सांगतो! टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तो अनेकदा द्यायचा. प्रेक्षकाला बॉम्ब ठाऊक नसेल तर पंधरा सेकंदांचा धक्का, ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल. आजच्या भयपटांत नुसती दारं आपटतात.

महालवाला
माझा विरोध आहे. त्याच मुलाखतीत तो म्हणतो, नटांना गुरांसारखं वागवावं. लोक हसतात. त्याच्या दहा वर्षं आधी त्याच्याच 'द बर्ड्स' सिनेमाच्या सेटवर काय झालं? नायिका टिपी हेड्रनला यांत्रिक पक्षी वापरू असं सांगितलं होतं, आणि पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले. डोळ्याजवळ जखम झाली. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली. २०१६ च्या आत्मचरित्रात तिने त्याच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. इतक्या गोड मुलाखतीतून पोट्टे काऊन शिकतील हे?

सक्करदऱ्याचा
पण कमी पैशात काम कसं करावं, हे त्याच्याकडूनच शिकावं न भाऊ. 'सायको' सिनेमा त्याने आपल्या टीव्ही मालिकेचं युनिट घेऊन केला, कृष्णधवल, जेमतेम आठ लाख डॉलरमध्ये. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. न्हाणीघरातल्या खुनाच्या पाऊण मिनिटासाठी आठवडाभर शूटिंग! बजेट नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे बघायलाच हवं.

धरमपेठकर
तेच म्हणतोय मी. गुरांचं वाक्य त्याने विनोदाने टाकलं होतं. एका वाक्यापायी अख्खी मुलाखत का टाकायची?

महालवाला
विनोद? हेड्रनला झालेली जखम विनोदात झाली नव्हती. आणि मुलाखत टाका असं मी म्हणतच नाही. बघा, पण तिची बाजू सोबत ठेवून बघा. तुमच्या पोट्ट्यांचं शूटिंग अंबाझरी तलावावर रात्री आहे ना? नायिकेला पाण्यात उतरवणार आहेत म्हणे. सीन कितीही रंगात आला असला तरी तिने 'थांबा' म्हटलं की कॅमेरा बंद, हे आधी तिच्यासमोर ठरवा. मग खुशाल लावा हिचकॉक.

सक्करदऱ्याचा
हे मात्र शंभर टक्के मान्य. आणि काठावर पोहणारा एक माणूस ठेवा.