गच्चीवरचा गोळा आणि अर्धी लादी

सेक्रेटरी (बी-७०१): उद्या १ मे. सकाळी ८ ला झेंडावंदन, संध्याकाळी ७ ला गच्चीवर पन्हं आणि गोळा. बर्फवाला १० लाच अर्धी लादी टाकून जाणार, नंतर येत नाही म्हणतो. कुणाच्या फ्रीजरमध्ये जागा आहे का?

ए-२०३: आमचा मटाराने गच्च भरलाय 🙏

डी-५०४: वरून मीठ टाका. आईस्क्रीमच्या पॉटात टाकतात तसं. बर्फ जास्त गार होतो.

सी-१०२ मावशी: अरे मीठ नको रे बाबा! संध्याकाळी काय खारं पाणी पिणार?

बी-४०२ सर: मावशींचं बरोबर आहे. मिठाने बर्फ भराभर वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, म्हणून पॉटातलं दूध गोठतं. पण बर्फ संपतो ना!

मावशी: माझं माहेर चेंदणी कोळीवाडा. म्हावऱ्याच्या बर्फातच वाढले मी. लादी फोडायची नाही. अखंड राहिली तर टिकते, चुरा केलात की गेला. जिन्याखाली ऊन येत नाही, तिथे गोणपाटात गुंडाळून दोन फळ्यांवर ठेवा, पाणी खालून निघून जाऊ दे. गोणपाट पाण्यात बसला की ऊब अडवत नाही.

ए-६०१: वर पंखा लावू का? गार राहील.

सर: अजिबात नको. उलट दर मिनिटाला नवी गरम हवा बर्फावर आणून घालाल. त्यात ठाण्याची मे महिन्यातली दमट हवा. १ ग्रॅम वाफ बर्फावर जमली तर जवळजवळ साडेसात ग्रॅम बर्फ वितळवते.

डी-५०४: आमच्याकडे सुतार चालू आहे. दोन पोती भुसा देतो.

मावशी: प्लायचा ना तो? त्यात डिंक असतो. आधी जाड प्लॅस्टिक, मग गोणपाट, मग भुसा. बर्फाला लागता कामा नये.

सी-८०३ काका: भुशाला हसू नका. १८३३ साली बोस्टनच्या ट्यूडर नावाच्या बर्फ व्यापाऱ्याने टस्कनी जहाजातून कलकत्त्याला १८० टन बर्फ धाडला. चार महिन्यांनी सुमारे १०० टन शिल्लक होता. आपल्याला नऊच तास काढायचेत.

ए-२०३: काका, ते जहाज होतं, आपला जिना आहे 😄

सेक्रेटरी: बर्फ खायचाच असेल ना, एवढं बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम आहे. निळा दिसला तर परत पाठवतो.

*१ मे, सायंकाळी ६.४०*

सेक्रेटरी: लादी पांढरी आली होती. पोत्याखाली हात घालून बघितला, कडा गोल झाल्यात आणि मधे एक बोटभर खळगा पडलाय. बाकी शाबूत! पण बी विंगचा एक छोटा 'वितळला का' बघायला पाचव्यांदा भुसा उकरतोय. आईबाबांनी आवरावं.

मावशी: सेक्रेटरी, बर्फ किसायला रंधा आणलात ना?

सेक्रेटरी: 😶

डी-५०४: सुताराकडे आहे.

मावशी: प्लायवर चालवलेला?