मदत हवी आहे: लिनक्सवर नेटबँकिंग आणि डिमॅट कुणी वापरतं का?

नमस्कार मंडळी. नेरूळला राहतो. बाबांचा लॅपटॉप आय-५ सहाव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप अजून ठणठणीत आहे, भंगारात काढायची इच्छा नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार.

बरंचसं सुरळीत चाललंय. शेअरचं काम ब्राउझरमध्येच होतं, सीडीएसएलचा (डिमॅटमधले शेअर सांभाळणारी संस्था) टीपिन, म्हणजे शेअर विकायला परवानगी देणारा पिन, आणि ओटीपीसुद्धा. दर महिन्याचं शेअर-म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट पासवर्ड म्हणून पॅन नंबर कॅपिटलमध्ये टाकला की उघडतं. बाबांना तर फरकही कळला नाही, फक्त 'ते पत्त्यांचं सॉलिटेअर कुठे गेलं' म्हणून विचारलं!

घोडं अडलंय ते एका सहकारी बँकेच्या साइटवर. फायरफॉक्समध्ये लॉगिन केलं की 'तुमची सिस्टिम सपोर्टेड नाही' असं येतं. यूझर एजंट (ब्राउझर साइटला स्वतःची आणि सिस्टिमची जी ओळख सांगतो ती) बदलून विंडोज असल्याचं भासवलं तर चालेल का? पैशांच्या साइटवर असली सोंगं करायला मन धजावत नाही. की सरळ क्रोम टाकू? फ्लॅटपॅकमधलं (लिनक्सवर अ‍ॅप टाकायची एक पद्धत) क्रोम गूगलने स्वतः दिलेलं नाही, म्हणून गूगलच्या साइटवरची डेब फाइल (मिंटवर चालणारी इन्स्टॉलर फाइल) घ्यावी असं वाटतं.

आणि डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन (ऑनलाइन सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा) लिनक्सवर इन्कम टॅक्सच्या पोर्टलसाठी कुणी चालवलंय का? ड्रायव्हर कोणता टाकलात तेवढं सांगा. वाशी-नेरूळकडचं कुणी असेल तर टोकन घेऊन येतो, चहा माझ्याकडून.