फ्रॉइडच्या आधी मानसशास्त्र नव्हतं म्हणे!

मुक्ता_सांगली: कालच्या धाग्यात एकाने लिहिलंय, "मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइडच्या स्वप्नांच्या गोष्टी, सायन्स कसलं." एका ओळीत उत्तर जमेना म्हणून वेगळा धागा. फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक आलं १८९९ च्या शेवटी. तोवर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं होतं, फेश्नरचं सायकोफिजिक्सचं (म्हणजे संवेदना मोजण्याच्या शास्त्राचं) पुस्तक १८६० लाच छापलं होतं, आणि लाइपझिगला वुंटची मानसशास्त्राची लॅब १८७९ पासून चालू होती. एबिंगहाऊसने तर निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून आपण किती वेगाने विसरतो ते १८८५ ला मांडलं.

अभ्या: वुंटच्या लॅबमध्ये माणूस स्वतःच सांगणार मला काय जाणवलं, आणि तो डेटा? फक्त बाहेरून दिसणारं वागणं अभ्यासा म्हणणाऱ्या वॉटसनने १९१३ मध्ये हेच झोडपलं. माझ्या भाच्याला एका समुपदेशकाने झाडाचं चित्र काढायला लावलं आणि ते बघून सांगितलं की वडिलांवर राग आहे! फी घेतली ती वेगळीच.

मुक्ता_सांगली: भाच्याबद्दल वाईट वाटलं, पण त्याचा राग वुंटवर का काढताय? त्याच्याकडे सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं क्रोनोस्कोप होतं हो. वॉटसनचा मारा वुंटचा शिष्य टिचनर याला जास्त लागतो, त्याचा सगळा भर "मला काय जाणवलं" यावरच होता.

जोशीमास्तर: टीईटीच्या गाईडात फक्त "वुंट, १८७९" पाठ करून घेतात. कलकत्त्याला १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी चालवला, हे पोरांना कोणी सांगत नाही.

रेवा: आणि अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स? तिची परीक्षा हार्वर्डचा प्राध्यापक विल्यम जेम्सने घेतली, तो भारावून गेला, तरी बाई म्हणून हार्वर्डने पीएचडी दिली नाही. नंतर रॅडक्लिफची, म्हणजे हार्वर्डच्या मुलींसाठीच्या कॉलेजची, देऊ केली, ती तिने नाकारली. १९०५ ला हीच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची अध्यक्ष.

अभ्या: डिग्रीचा आणि सायन्सचा काय संबंध? विषय भरकटवू नका.

रेवा: संबंध आहे! दोन-दोन गोष्टींच्या जोड्या लक्षात ठेवायला लावून स्मरण तपासायची पद्धत तिची, लोक अजून वापरतात. माझ्या आईला गाईडने सांगितलं, लग्न झालंय, आता पीएचडी कशाला. तिचा प्रबंध कपाटातच राहिला. तुम्हाला ते भरकटणं वाटतं.

जोशीमास्तर: आवाज खाली ठेवा दोघं.

रेवा: का ठेवू? जेम्सने हार्वर्डकडे तिची बाजू मांडली, काही उपयोग झाला नाही. इतिहास लिहिताना हे गाळायचं आणि क्रोनोस्कोप तेवढं ठेवायचं?

अभ्या: ठीक आहे, कॅल्किन्सचं मान्य. फ्रॉइडच्या आधी मोजमाप होतं हेही मान्य. झाडाच्या चित्राचं मात्र कोणी समर्थन केलं नाही, लक्षात ठेवतो.

मुक्ता_सांगली: करणारही नाही.